धनुष्कोडीचे वादळ आणि देवळाचा आसरा



काशीची गंगा रामेश्वरास घालावी, सेतूची वाळू गंगेत सोडावी, तेव्हा यात्रा पुरी होते, ही आपली जुनी रीत. त्या सेतूच्या टोकाचे गाव म्हणजे तामिळनाडूतील धनुष्कोडी. १९१४ साली पांबनचा रेल्वेपूल झाला आणि हे गाव नांदते झाले. स्टेशन, पोस्ट, शाळा, आणि धक्क्यावरून सिलोनला जाणारी बोट. गावाचे पोट रेल्वे, बंदर व मासेमारी यांवर चाले.

२२ डिसेंबर १९६४ च्या रात्री तेथे भयंकर चक्रीवादळ झाले. पांबनहून सुटलेली ६५३ नंबरची पॅसेंजर धनुष्कोडीच्या जवळ आली होती. सिग्नल बंद पडलेला. गाडी अंधारातच पुढे निघाली आणि समुद्राने ती डब्यांसकट ओढून नेली. शंभरावर उतारू आणि कामावर असलेले रेल्वेचे नोकर, कोणीही वाचले नाही. गाव उद्ध्वस्त झाले. सरकारने ते वस्तीस अयोग्य ठरविले.

पांबन पुलाचे १४५ पैकी १२६ गर्डर वाहून गेले. दुरुस्तीचे काम ई. श्रीधरन या तरुण इंजिनिअरकडे आले. मुदत तीन महिन्यांची होती. समुद्रात पडलेले गर्डर शोधून बाहेर काढले गेले आणि ४६ दिवसांत पूल पुन्हा चालू झाला. त्यामागे शेकडो अनाम मजुरांचा घाम होता.

त्या काळरात्री रामेश्वरात शेकडो माणसांनी देवळात आसरा घेतला. पाणी देवळाच्या अलीकडेच थांबले. कोणी याला देवाची कृपा म्हणेल, कोणी योगायोग. पण पूर्वजांनी रचलेले दगड त्या रात्री माणसांच्या कामी आले, हे दोघांनाही मान्य करावे लागेल.

नाथांनी रामेश्वराची कावड तहानलेल्या गाढवाच्या मुखी रिती केली, ही कथा आपण कीर्तनात ऐकतो. तिचा अर्थ हाच.

म्हणून आपल्या नव्या सभामंडपाकडे तसेच पाहावे. पूर, वादळ, आग, कोणतेही संकट येवो. मध्यरात्री कुलूप उघडणारा माणूस जवळ असावा, आत कोरडी जागा, पिण्याचे पाणी आणि एक कंदील असावा. आत येणाऱ्याची जात, पक्ष वा भाऊबंदकी कोणी विचारू नये. असे झाले तर दात्यांचा रुपयान् रुपया देवाच्या पायी पोहोचला असे समजावे.

रामकृष्ण हरि!