भामरागडची पूरपूर्व तयारी

गडचिरोली जिल्ह्यात भामरागडजवळ इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतम या तीन नद्यांचा संगम होतो. इंद्रावती फुगली की पर्लकोटेचे पाणी मागे तुंबते, जुना ठेंगणा पूल बुडतो आणि आलापल्लीकडचा रस्ता तुटतो. म्हणून इथले नियोजन पावसाळ्याआधीच पुरे व्हावे लागते. दुर्गम गावांच्या रास्तभाव दुकानांत पावसाळ्याच्या महिन्यांचे धान्य आगाऊ पोहोचवले जाते. सर्वांत मोलाचे काम गरोदर मातांचे. दिवस भरत आलेल्यांची यादी आशा कार्यकर्ती ठेवते आणि त्यांना आरोग्य केंद्रालगतच्या ‘माहेरघरा’त आधीच आणले जाते. भर पुरात अडलेली बाई डोंग्यातून नेण्यापेक्षा हे कितीतरी सुरक्षित.

वैनगंगेकाठी प्रश्न निराळा. गोसेखुर्द धरणाचा विसर्ग वाढला की ब्रह्मपुरी, वडसा या भागांतील गावांना इशारा वेळेत मिळायलाच हवा. ऑगस्ट २०२० च्या पुराने हे दाखवून दिले.

पाणी ओसरल्यावर तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक पंचनामे करतात. विहिरींत ब्लीचिंग पावडर टाकण्याचे काम मात्र त्यासाठी थांबू नये, कारण पूर शिरलेल्या विहिरीतूनच गॅस्ट्रोची साथ गावात पसरते.