आजार लांबले, शेजार पुरेल का?



तुमच्यापैकी कित्येकांच्या शिवारात आत्ता हळद शिजवायचे बॉयलर पेटलेले असतील, खळ्यावर हळकुंडं वाळत पडली असतील. ते सोडून तुम्ही इथे व्याख्यानाला येऊन बसला आहात, म्हणून आडवळण न घेता विषयाला हात घालतो. आपल्या हिंगोली जिल्ह्यातली खेडी आजारी माणसाला सांभाळण्यात कुठे कमी पडत नाहीत, पण ती अचानक आलेल्या आजारात. साप चावला, बाळंतीण अडली, कोणी विहिरीत पडलं, की गाव धावतं. आता आजारच बदललेत. माणूस आजारी पडतो आणि वर्षानुवर्षं आजारी राहतो. तिथे एकदा धावून भागत नाही, रोज जावं लागतं. हे रोजचं जाणं आपल्या अंगवळणी पडलेलं नाही. ते पाडता येईल, असं मला मनापासून वाटतं, आणि तेवढंच सांगायला मी आलोय.

1 मे 1999 ला परभणीतून वेगळा झालेला हा जिल्हा. 2011च्या जनगणनेत लोकसंख्या 11 लाख 77 हजार, आणि शंभरातली पंच्याऐंशी माणसं खेड्यात राहणारी. हिंगोलीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं ते 2024 साली. त्याआधीची सगळी वर्षं, आणि खरं सांगायचं तर आजही, गंभीर आजाऱ्याच्या घरी पहिलं वाक्य उच्चारलं जातं ते ‘नांदेडला न्या’. पैनगंगेच्या काठची गावं वाशीम नाहीतर पुसदचा रस्ता धरतात. रस्ता कोणताही असो, आजारी माणूस एकटा जात नाही. त्याच्याजवळ एक माणूस लागतो, कागदपत्रांसाठी पळायला दुसरा लागतो आणि घरी गुरांकडे बघायला तिसरा. सरकारी हिशेबात खाटा मोजल्या जातात, डॉक्टर मोजले जातात, 108ची रुग्णवाहिका किती मिनिटांत आली हेही मोजलं जातं. हा दुसरा आणि तिसरा माणूस कुठल्याच तक्त्यात नसतो. आणि तो बहुतेक वेळा शेजारी असतो.

तो काय काय करतो ते जरा आठवून पाहा. म्हैस पिळतो. हळदीला पाणी देतो, तेही रात्रीची लाइट असेल त्या आठवड्यात थंडीत, बॅटरी घेऊन. सोयाबीनची सुडी उघड्यावर असेल आणि आभाळ भरून आलं, तर स्वतःच्या सुडीआधी आजाऱ्याच्या सुडीवर ताडपत्री टाकणारे लोक मी पाहिलेत. त्याची बायको शाळेत जाणाऱ्या पोरांना स्वतःच्या लेकरांबरोबर जेवू घालते. सकाळच्या एसटीत कंडक्टरच्या हवाली भाकरी-पिठल्याचा डबा होतो आणि नांदेडच्या स्टँडवर तो घ्यायला कोणीतरी उभं असतं. दवाखान्याला निघालेल्या माणसाच्या हातावर शेजारी पैसे ठेवतो, तेव्हा कधी देशील हे विचारत नाही. अलीकडे बचत गटाच्या बायकांनी हे काम फार मोठ्या प्रमाणावर उचललंय. रात्री अकराला अध्यक्षबाईंच्या घरी जाऊन पेटी उघडायला लावणाऱ्या बाया आपल्या गावोगाव आहेत.

पूर्वी शेतीत सावड होती, इर्जिक होतं. एखाद्याचं औत आजारपणामुळे थांबलं तर सगळे आपापली बैलं घेऊन त्याच्या वावरात उतरायचे, एका दिवसात रान पाळी घालून मोकळं व्हायचं, आणि त्या घरानं जेवू घालायचं. ट्रॅक्टर आला, बैल गेले, पेरणी-काढणीची कामं गुत्त्यावर जाऊ लागली, तशी ती रीत मागे पडली. त्याबद्दल मी गळा काढणार नाही. ट्रॅक्टरनं कष्ट कमी केले ही चांगलीच गोष्ट झाली. पण ज्या रीतीनं आजारी माणसाचं शेत सांभाळलं जायचं ती गेल्यावर तिच्या जागी आपण काय आणलं, हा प्रश्न उरतोच.

अचानकच्या संकटात धावणाऱ्या गावाचं कौतुक करताना एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. नुसत्या मायेनं जीव वाचत नाही. सर्पदंशाचंच घ्या. 2000 ते 2019 या वीस वर्षांत भारतात सर्पदंशानं सुमारे 12 लाख माणसं गेली, असा संशोधकांचा अंदाज आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं 2017 मध्ये सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घेतलं. सोयाबीन सोंगताना, सुडी हलवताना, रात्री पाणी देताना आपल्याकडे माणूस सापाच्या तोंडी जातो. दंश झाला की शेजारी जमतात, आणि प्रेमापोटीच कोणी दोरी करकचून आवळतो, कोणी ब्लेड मारतो, कोणी कडूनिंबाचा पाला चारून ‘कडू लागतं का?’ विचारतो, कोणी देवळात नेऊन बसवतो. त्यात जो तास जातो तोच माणसाच्या जिवाचा असतो. मण्यारचा दंश तर कळतही नाही. खाली अंथरुणावर झोपलेल्या माणसाला मध्यरात्री पोटात कळ येते, पापण्या जड होतात, दंशाच्या जागी सूज नाही, वेदना नाही. घरचे म्हणतात, पित्त झालं असेल. सर्पदंशावर उपचार करणारे, नांदेड जिल्ह्यातल्या मुखेडचे डॉ. दिलीप पुंडे हेच सांगत आलेत: साप ओळखण्यात, मारण्यात वेळ घालवू नका, माणसाला हलू देऊ नका, प्रतिसर्पविष मिळेल त्या जवळच्या दवाखान्यात पोचवा. जालना जिल्ह्यातल्या देहेड गावात जन्मलेल्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी महाडला विंचूदंशावर ‘प्राझोसिन’ हे औषध वापरून कितीतरी प्राण वाचवले. आपल्याच मराठवाड्याच्या मातीतला माणूस जगाला ही विद्या देतो, तर दंशानंतर काय करायचं एवढं आपल्या गावातल्या मोटारसायकलवाल्या पोरांना का ठाऊक असू नये? पेशंटला मधे बसवून, मागून धरून, सरळ दवाखाना गाठणारा शेजारी हाच खरा उपकारकर्ता.

शेजाराची दुसरी मर्यादा जास्त बोचणारी आहे. ती वस्तीची आहे. मधल्या आळीत कोणी पडलं तर चार गाड्या निघतात. तांड्यावर, आंध आदिवासींच्या वाडीवर, गावकुसाकडच्या वस्तीत तेच घडलं तर बातमी सकाळी येते. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाची म्हातारी माणसं तांड्यावर चार-पाच महिने एकटी असतात, त्यांच्या दाराशी किती जण जातात? वस्तीसारखीच भीतीही शेजार तोडते. कोविडच्या पहिल्या लाटेत, एप्रिल-मे 2020 मध्ये, बंदोबस्तावरून परतलेल्या राज्य राखीव पोलीस दलाच्या जवानांमध्ये हिंगोलीत लागण सापडली आणि भीतीनं जिल्हा थिजला. गावांनी वेशीवर काट्या टाकल्या, मुंबई-पुण्याहून चालत आलेली आपलीच पोरं शाळेत ठेवली. त्याच शाळेच्या फाटकापाशी दोन वेळा ताटं आणून ठेवणाऱ्या आयाबायाही होत्या. भीती आणि माया एकाच गावात एकाच वेळी नांदत होत्या, आणि त्यातल्या कुठल्या बाजूला उभं राहायचं हे प्रत्येक घरानं आपापलं ठरवलं.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. रक्तदाब, साखर, लकवा, किडनी, कर्करोग हे आजार शहरातल्या खात्यापित्या लोकांचे, असं आपण बराच काळ समजत होतो. आज कुठल्याही उपकेंद्रावर जा, गोळ्यांसाठी बसलेली माणसं बघा. तिथे शेतमजूर बाई आहे, मेंढ्या वळणारा आहे, हळदीच्या ढिगाऱ्यावर आयुष्य गेलेला हमाल आहे.

सेनगाव तालुक्यातलं एक घर मला जवळून माहीत आहे. नाव-गाव सांगत नाही. धनी पंचावन्नचा, तीन एकर रान, त्यात एक एकर हळद. रक्तदाबाच्या गोळ्या बरं वाटतंय म्हणून बंद केलेल्या. पौषात एका पहाटे उजव्या अंगावरून वारं गेलं, वाचाही गेली. शेजाऱ्यांनी गाडी केली, नांदेडला नेलं, महात्मा फुले जनआरोग्य योजनेचे कागद जमवले. हळद काढायला आली तेव्हा भावकी आणि शेजार मिळून काढली, शिजवली, वाळवली, पॉलिश करून हिंगोलीच्या मोंढ्यात विकली आणि पट्टी त्या बाईच्या हातात दिली. एक रुपया इकडेतिकडे झाला नाही. हे सगळं मी अभिमानानं सांगतोय.

पण पुढे काय झालं? पहिला महिनाभर घरात माणूस मावत नव्हता. पाहुणे यायचे, बिस्किटाचे पुडे आणायचे, ‘आता कसं वाटू लालंय?’ विचारायचे. पेरण्या लागल्या आणि येणं विरळ झालं. पोळ्यापर्यंत त्या बाजेपाशी दोनच माणसं उरली: बायको आणि पलीकडच्या घरातली एक विधवा मावशी. कुणाचं मन आटलं म्हणून असं झालेलं नाही. लोकांना काय करावं तेच कळत नव्हतं. आजाऱ्याला कुशीवर वळवायचं, दर दोन तासांनी, नाहीतर पाठीला जखमा होतात. हातापायाचे व्यायाम रोज करून घ्यायचे, नाहीतर सांधे आखडतात. घास भरवताना बसतं करायचं, नाहीतर ठसका लागून छातीत उतरतो. नांदेडहून सुट्टी देताना हे कोणीतरी घाईत सांगितलं असेल, पण ते घरापर्यंत पोचलं नाही. त्या बाईची कंबर गेली. दिवसा लोकांच्या रोजानं जायचं, रात्री उचलायचं, धुवायचं. तिला स्वतःला ताप आला तरी ती दवाखान्यात गेली नाही, कारण बाजेपाशी कोण बसणार? आजारी पुरुषाची विचारपूस गाव करतं, त्याला सांभाळणाऱ्या बाईची विचारपूस मात्र त्या एकट्या मावशीनं केली. रोज संध्याकाळी ती यायची आणि म्हणायची, ‘तू जा गं, पारावर बसून ये जरा, मी हाय इथं.’ संपूर्ण वर्षात त्या घराला मिळालेली सर्वांत मोलाची मदत कोणती असेल, तर ही.

आषाढीसाठी शेगावची पालखी सेनगाव, नर्सी, औंढा या वाटेनं जाते. मुक्कामाच्या रात्री आपली गावं वारकऱ्यांचे पाय चेपतात, अंगणं सारवतात, पंगती वाढतात. नामदेवरायांच्या नर्सीचा हा मुलूख आहे, सेवा इथल्या रक्तात आहे. ती सेवा एका रात्रीची असते आणि सगळं गाव एकत्र असतं. बाजेवरच्या माणसाची सेवा तीन वर्षांची असते आणि करणारा एकटा असतो. फरक एवढाच आहे, आणि तो भरून काढता येतो.

केरळातल्या लोकांनी तो भरून काढलाय. मलप्पुरम आणि आसपासच्या भागात 2001च्या सुमारास शेजाऱ्यांचीच एक साखळी उभी राहिली. साधी माणसं, शिक्षक, रिक्षावाले, गृहिणी. त्यांना थोडं प्रशिक्षण दिलं आणि ती आपल्याच वस्तीतल्या अंथरुणाला खिळलेल्या माणसांकडे ठरवून जाऊ लागली. नर्स अधूनमधून, डॉक्टर गरजेपुरता, शेजारी मात्र नेमानं. पुढे 2008 मध्ये राज्य सरकारनं वेदनाशामक शुश्रूषेचं धोरण केलं आणि पंचायतींना त्यात ओढलं. इकडे महाराष्ट्रात जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 पासून अक्षरओळख नसलेल्या बायकांना आरोग्यसेविका बनवून दाखवलं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच बायकांच्या हाती नवजात बाळं सोपवली आणि बालमृत्यू खाली आणले. शिकवलं तर शेजारी शिकतो, याचा यापेक्षा मोठा पुरावा काय हवा?

आपल्याकडे हजार लोकसंख्येमागे एक आशाताई आहे. 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं भारतातल्या आशांचा गौरव केला. मोबदल्यासाठी मात्र त्यांना राज्यभर संप करावे लागले, तेव्हा कुठे मार्च 2024 मध्ये महिन्याला 5000 रुपयांची वाढ झाली. बाळंतीण, लसीकरण, तिशीवरच्यांची रक्तदाब-साखरेची तपासणी, क्षयाच्या गोळ्या, ऑनलाइन नोंदी, सगळं तिच्याच डोक्यावर. आता बाजेवरचा माणूसही तिच्यावर टाकून मोकळं होऊ नये. तिनं शिकवावं, हात गावानं लावावा.

तो कसा लावायचा, यासाठी मला आपल्याच शेतीतली एक रीत पुरेशी वाटते. सिद्धेश्वरच्या कालव्यावर, सामाईक विहिरीवर आपण पाणीपाळी पाळतो. कुणाची पाळी कधी, हे लेकरालाही ठाऊक असतं, आणि पाळी चुकवणाऱ्याला गाव जाब विचारतं. तशी आजाऱ्याच्या घरची पाळी का नको? आठवड्यातून एक वेळ, दीड-दोन तास, प्रत्येक घरातून एक माणूस. त्यात पुरुषही हवेत, कारण उचलायला, वळवायला बळ लागतं आणि हे बाईचंच काम आहे असं कुठे लिहिलेलं नाही. पाळी वस्तीपुरती नको, तांडा आणि वाडी धरून गावाची हवी. 21 मार्च आणि 10 जुलै 2024 ला आपल्याकडे साडेचारच्या तीव्रतेचे भूकंपाचे धक्के बसले आणि माणसं घराबाहेर पळाली. बाजेवरच्या माणसाला कोण बाहेर काढणार, हे पाळी लावलेल्या गावात आधीच ठरलेलं असेल.

येत्या 1 मेला ग्रामसभा आहे. तिथे हा विषय लेखी द्या. गावात अंथरुणाला खिळलेली माणसं किती आणि कुठल्या घरांत, याची यादी आशाताईकडून वाचून घ्या. ग्राम आरोग्य समितीला वर्षाला दहा हजारांपर्यंत निधी मिळतो. त्यातून हवेची एक गादी, एक चाकाची खुर्ची, दोन शौचपात्रं आणि एक कुबड्यांचा जोड घेऊन उपकेंद्रात ठेवता येईल, ज्याला जे लागेल ते त्यानं न्यावं, काम झालं की धुऊन परत आणावं. नर्सबाईंना बोलवा, आजाऱ्याला कुशीवर कसं वळवायचं ते दहा पुरुषांनी आणि दहा बायकांनी सगळ्यांसमोर करून बघा. आणि पहिल्या महिन्याच्या पाळ्या सभा उठायच्या आत नावानिशी लिहून घ्या.