इमोरीचें फुगलेलें पोट

जपानी भाषेंत पालीला ‘यामोरी’ म्हणतात, आणि पालीसारख्याच दिसणाऱ्या एका पाणथळ प्राण्याला ‘इमोरी’. पहिली घराची राखण करणारी, दुसरा विहिरीची, असा या नांवांचा अर्थ लावला जातो. विहिरीचा हा राखणदार म्हणजेच इंग्रजींतला न्यूट. रूपानें तो पाल असला तरी कुळानें बेडकाचा नातलग आहे. भारतांत त्याचा एक भाऊबंद दार्जिलिंगच्या डोंगराळ मुलुखांत आढळतो. सह्याद्रीला मात्र हें कूळ ठाऊक नाहीं.

जपानी इमोरीची पाठ काळसर आणि पोट निखाऱ्यासारखें लाल असतें. भातखाचरांत व ओढ्यांत राहणारा हा प्राणी जपानांत आणि युरोप-अमेरिकेंतहि हौसेनें कांचेच्या पेटींत पाळतात. निगा चांगली असेल तर तो २० वर्षांहून अधिक काळ घरांत नांदतो. त्याचा चिवटपणा तर विलक्षणच. तुटलेला पाय त्याला पुन्हां फुटतो. गोरो एगुची, पानाजिओटिस त्सोनिस व त्यांचे सहकारी यांनीं २०११ सालीं प्रसिद्ध केलेल्या संशोधनांत इमोरीच्या डोळ्यांतील भिंग १६ वर्षांत १८ वेळां काढलें होतें, आणि दर वेळीं तेथें नवें भिंग तयार झालें! असा हा प्राणी अंग फुगण्याच्या दुखण्यापुढें मात्र हतबल होतो.

अर्थात् प्रत्येक फुगलेलें पोट रोगाचें नसतें. विणीच्या दिवसांत मादीचें पोट अंड्यांनीं भरतें. अधाशीपणानें गिळलेला खडा आंतड्यांत अडकूनहि पोट तटतें. पण पोटाबरोबर गळा आणि पायहि सुजले, कातडी ताणून चकचकीत झाली, प्राणी अन्नाकडे पाहीनासा झाला, तर तें पाणी सांचल्याचें लक्षण समजावें.

हें पाणी येतें कोठून? इमोरी तोंडानें पाणी पीत नाहीं. त्याची त्वचाच पाणी पिते. अंगांत क्षार अधिक आणि भोंवतालच्या गोड्या पाण्यांत कमी, म्हणून तें रात्रंदिवस त्वचेंतून आंत झिरपत राहतें. तितकेंच पाणी बाहेर टाकण्याचें काम मूत्रपिंडांकडे असतें. जंतूंच्या प्रादुर्भावानें मूत्रपिंडें बिघडलीं, किंवा हृदय थकलें, कीं आवक चालू आणि जावक बंद, अशी अवस्था होते. पुष्कळदां या साऱ्याचें मूळ पेटींतच सांपडतें : कुजलेलें अन्न, विष्ठेपासून सांचणारा अमोनिया आणि उन्हाळ्यांत तापलेलें पाणी.

अशा वेळीं सुई टोंचून पाणी काढून टाकावें, असा मोह धन्याला होतो. तो मोह प्राणघातक आहे. नाजुक इंद्रियांस इजा होते, जखमेंतून जंतू शिरतात, आणि मूळ कारण तसेंच राहिल्यानें पाणी पुन्हां भरतें तें भरतेंच.

घरीं करण्यासारखें काम याहून साधें आहे. आजाऱ्याला वेगळ्या, स्वच्छ व उथळ भांड्यांत ठेवावें. नाक सहज वर काढतां येईल इतकेंच पाणी असावें व विसाव्याला ओल्या कागदाची घडी असावी. पाणी १५ ते २० अंश सेल्सिअस इतकें थंड असावें आणि रोज बदलावें. नळाचें पाणी उघडें ठेवल्यास त्यांतील क्लोरीन उडून जातो, परंतु क्लोरॅमाइन जात नाहीं. त्यासाठीं मत्स्यपालकांच्या दुकानांतील औषध घालावें लागतें. खाण्याची बळजबरी करूं नये.

पशुवैद्य अशा रुग्णास कित्येकदां साध्या पाण्याऐवजीं रिंगरच्या द्रावणांत ठेवावयास सांगतात. त्याची कथा मोठी मौजेची आहे. लंडनचे डॉक्टर सिडनी रिंगर बेडकाचें हृदय मिठाच्या पाण्यांत धडधडत ठेवण्याचे प्रयोग करीत होते. तें पाणी शुद्ध केलेलें नसून नळाचें होतें, हें मागाहून उघडकीस आलें, आणि हृदयाला नळाच्या पाण्यांतील चुन्याच्या अंशाची गरज असते, हें त्यांनीं १८८३ सालीं जाहीर केलें. उभयचरांसाठीं वापरावयाच्या द्रावणांत दर लिटरला ६.६ ग्रॅम सोडियम क्लोराइड, पोटॅशियम क्लोराइड व कॅल्शियम क्लोराइड प्रत्येकीं ०.१५ ग्रॅम आणि खाण्याचा सोडा ०.२ ग्रॅम असतो. भोंवतालचे क्षार वाढले कीं त्वचेंतून आंत शिरणारें पाणी कमी होतें व मूत्रपिंडांना उसंत मिळते. मात्र स्वयंपाकघरांतल्या चमच्यानें हें माप जमत नाहीं, आणि द्रावणांत किती वेळ ठेवावयाचें हें वैद्यानेंच ठरवावें.

वैद्याकडे नेतांना झांकणाला भोंकें असलेल्या डब्यांत ओलें शेवाळ घालून न्यावें. गिळलेला खडा क्ष-किरणांनीं दिसतो. सांचलेलें पाणी वैद्य निर्जंतुक सुईनें काढून तपासतो आणि जंतू आढळल्यास त्यांवरील औषध देतो. दुखणें लौकर लक्षांत आलें तर सूज उतरते व इमोरी पुन्हां गांडुळाच्या तुकड्यावर झडप घालतो. मूत्रपिंडें कायमचीं निकामीं झालीं असतील तर काढलेलें पाणी पुन्हां भरतें. तसें वारंवार होऊं लागलें म्हणजे वेदनारहित मरण देण्याविषयीं वैद्याशीं स्पष्ट बोलावें. दिवस मोजीत बसण्यांत त्या मुक्या जिवाचे केवळ हाल होतात.

इतकी शुश्रूषा करणाऱ्यानें स्वतःचे हातहि विसरूं नयेत. इमोरीच्या कातडींत टेट्रोडोटॉक्सिन हें विष असतें. जपानांतील प्रसिद्ध फुगू माशाचें विष तें हेंच. आजाऱ्याला ओल्या हातानें उचलावें, नंतर हात साबणानें धुवावेत, आणि तोंवर डोळ्यांना लावूं नयेत.