गुंठ्याचा नफा, गटाराचा खर्च

जमिनीचा तुकडा विकला जातो तेव्हा त्याची किंमत खरेदीखतात नमूद होते. त्या तुकड्यावर पडणारा पाऊस आणि तेथील घरातून निघणारे सांडपाणी कोठे जाणार, याचा खर्च मात्र कोणत्याच कागदावर येत नाही. सातारा-सांगलीच्या नागरी दुरवस्थेचे मूळ या न लिहिलेल्या आकड्यात आहे.

एकराचे चाळीस गुंठे होतात. रस्ता अरुंद ठेवला आणि गटार वगळले की विक्रीयोग्य गुंठे वाढतात. हीच तुकडे पाडणाऱ्याची वरकड कमाई. घेणारा असतो हमाल, कारखान्यातील मजूर, लहान नोकरदार. मंजूर रेखांकनातील भूखंड त्याच्या आवाक्यातच नसतो. 2001 च्या गुंठेवारी अधिनियमाने अशा वसाहती नियमित करण्याची वाट दिली, 2021 च्या दुरुस्तीने मुदत 31 डिसेंबर 2020 पर्यंत आणली. शुल्क भरायचे ते भूखंडधारकाने. पैसे घेऊन निघून गेलेला मूळ विक्रेता या हिशेबाबाहेरच राहिला.

निसर्ग मात्र हिशेब चुकवू देत नाही. सांगलीची काळी माती पाणी लवकर जिरवत नाही. तेथे शोषखड्डा पावसाळ्यात निकामी ठरतो. शामरावनगरसारख्या भागात म्हणूनच पावसाचे आणि संडासाचे पाणी एकत्र होऊन दाराशी साचते. साताऱ्याचे दुखणे उलट्या प्रकारचे. अजिंक्यताऱ्याच्या उतारावरून पाणी वेगाने धावते आणि वरच्या वसाहतीने ओढा बुजवला की संकट खालच्या वसाहतीवर कोसळते. 2020 मध्ये सातारा नगरपालिकेची हद्द वाढली, पण हद्द वाढल्याने ओढे मोकळे होत नाहीत. शेवटी सारे पाणी कृष्णेत जाते. सांगलीचा शेरीनाला हे त्याचे जुने, लाजिरवाणे उदाहरण.

नियम नाहीत असे नाही. डिसेंबर 2020 च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत 500 चौरस मीटर व त्यावरील भूखंडांवर पर्जन्यजल संधारण सक्तीचे आहे. गुंठा मात्र सुमारे 101 चौरस मीटरचा! ज्या चाळीस घरांचे पाणी एकत्र येऊन वस्ती बुडवते, त्यांतील एकही घर स्वतंत्रपणे या नियमात बसत नाही. पूररेषांचेही तसेच. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा नकाशावर असते; 2005, 2019 आणि 2021 चे पूर लोकांच्या घरांतून गेले. 2019 मध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांवर चढले. एवढ्या महापुराला केवळ गटारे जबाबदार नव्हेत, हे खरे. परंतु पूर ओसरल्यावरही घाण पाणी दिवसेंदिवस वस्तीत का राहते, याचे उत्तर गटारांतच आहे.

नियम कडक केले तर भूखंड महागेल आणि गरीब अधिकच बेकायदा वस्तीत ढकलला जाईल, असा आक्षेप घेतला जातो. तो पोकळ नाही. म्हणूनच मागणी दुहेरी हवी. गटार, पावसाळी नाला आणि सांडपाण्याची अखेरची वाट प्रत्यक्ष तयार झाल्याखेरीज पहिले खरेदीखत नोंदले जाऊ नये आणि त्यासाठीची अनामत मूळ विक्रेत्याकडून घ्यावी. त्याच वेळी नगरपालिका-महापालिकांनी स्वतः लहान, सोयींनी युक्त भूखंड श्रमिकांना परवडेल अशा दराने पाडून द्यावेत. आधीच वसलेल्यांवर बुलडोझर नव्हे, सार्वजनिक खर्चाचा नाला गेला पाहिजे.

नफा खाजगी आणि चिखल सार्वजनिक, ही वाटणी जोवर मोडत नाही तोवर पावसाळा गरिबाच्याच उंबऱ्यावर येत राहील.