कोणती भिंत, कितवा थर?



तांत्रिक भाषांतरकारांच्या या परिषदेचे अध्यक्षपद तुम्ही मला दिले आहे. अध्यक्षाने व्यवसायाच्या भवितव्यावर बोलावे अशी रीत आहे. मी आज गिलाव्यावर बोलणार आहे. पुण्यात राहून जर्मनमधून इंग्रजीत भाषांतर करणारे पुष्कळजण या सभागृहात आहेत. यंत्रांच्या पुस्तिका आपल्याला सरावाच्या झाल्या आहेत. बांधकामाचे कागद आले, की मात्र कोशावर विसंबून चालत नाही, आणि त्यातही गिलाव्याची जर्मन परिभाषा ही आपल्या कामातली सर्वांत अवघड परीक्षा आहे, असे माझे ठाम मत आहे.

मूळ शब्द साधा आहे: 'पुट्झ'. भिंत आतली असो की बाहेरची, जर्मन गवंडी तिच्यावर पुट्झच चढवतो. मराठीतल्या 'गिलावा'सारखाच हा शब्द दोन्हीकडे चालतो. ब्रिटिश इंग्रजीला ही मोकळीक नाही. तिथे घरातल्या भिंतीवर 'प्लास्टर' असते आणि बाहेरच्या भिंतीवर 'रेंडर'. म्हणजे जर्मन लेखकाने जे सांगितलेच नाही, ते इंग्रजीत सांगितल्यावाचून वाक्य पुरे होत नाही. याचा सर्वांत चांगला पुरावा युरोपीय मानकातच आहे. गिलाव्याच्या मसाल्याचे मानक म्हणजे ईएन ९९८-१. युरोपीय मानके इंग्रजी, फ्रेंच आणि जर्मन अशा तिन्ही भाषांत अधिकृतपणे निघतात. या मानकाच्या जर्मन शीर्षकात 'पुट्झम्यॉर्टल' हा एकच शब्द पुरला आहे, तर इंग्रजी शीर्षकात 'रेंडरिंग अँड प्लास्टरिंग मॉर्टर' असे दोन्ही शब्द लिहावे लागले. मानक लिहिणाऱ्यांना दोन्ही शब्द शेजारी ठेवता आले. आपल्यापुढे बहुधा एकच भिंत असते, आणि तिच्यासाठी एकच शब्द निवडावा लागतो.

अटलांटिक ओलांडला की आणखी एक शब्द पुढे येतो: 'स्टको'. अमेरिकेत घराच्या बाहेरच्या सिमेंटच्या गिलाव्याला लोक स्टको म्हणतात. जर्मन 'श्टुक' त्याचा भाऊ दिसतो, पण त्याचे काम वेगळे आहे. बर्लिनमधल्या एकोणिसाव्या शतकातल्या घराच्या जाहिरातीत श्टुक आहे असे लिहिलेले असते, तेव्हा ते छताच्या कडेची नक्षी आणि मधोमधचे दिव्याभोवतीचे फूल यांबद्दल असते. तिथे नुसते 'स्टको' लिहिले, तर टेक्सासमधला वाचक घराच्या बाहेरच्या भिंतीकडे पाहील. या शब्दाचा प्रवासही नमूद करण्याजोगा आहे. इटालियन 'स्तुक्को' हा लोंबार्ड लोकांच्या जर्मन कुळातल्या बोलीतून आलेला मानतात. आज 'तुकडा' या अर्थी वापरला जाणारा 'श्ट्युक' त्याचाच सगा. म्हणजे शब्द आल्प्सच्या दक्षिणेला गेला, तिथे कला शिकला आणि नवा अर्थ घेऊन उत्तरेला परतला.

ती कला जर्मन भूमीत किती रुजली, हे बव्हेरियातल्या वेसोब्रुन या छोट्या गावावरून कळते. सतराव्या-अठराव्या शतकांत या गावाने आणि परिसराने शेकडो श्टुक-कारागीर घडवले. डोमिनिकुस आणि योहान बाप्टिस्ट हे झिमरमान बंधू याच परंपरेतले. १७४५ ते १७५४ या काळात त्यांनी उभारलेले आणि सजवलेले वीसचे यात्रा-चर्च १९८३ साली युनेस्कोच्या वारसा यादीत गेले. अशा चर्चमधले संगमरवरी वाटणारे खांब पुष्कळदा 'श्टुकमार्मोर'चे असतात. जिप्सम, सरस आणि रंग एकत्र मळायचे, त्या लगद्याचे काप भिंतीवर बसवायचे आणि घासून घासून चकाकी आणायची, अशी ती रीत. इंग्रजीत तिचे नाव 'स्कॅग्लिओला'. 'स्टको मार्बल' असे शब्दशः लिहिणारा भाषांतरकार त्या कारागिराचे निम्मे कसब पुसून टाकतो, असे मला वाटते.

आता जोडशब्दांकडे येतो, कारण खरी अडचण तिथे आहे. शाळेत आपण मध्यमपदलोपी समास शिकलो. पुरणपोळी म्हणजे पुरण घालून केलेली पोळी. 'घालून केलेली' हे शब्द गाळलेले, ते ऐकणाऱ्याने भरायचे. जर्मन गिलाव्याचे शब्द याच जातीचे आहेत, फक्त गाळलेले पद दर वेळी निराळे असते. 'काल्कपुट्झ' म्हणजे चुन्याचा गिलावा; पहिले पद साहित्य सांगते. 'झोकलपुट्झ' म्हणजे जोत्याला लावायचा गिलावा, इथे जागा. 'माशीननपुट्झ' यंत्राने मारायचा, म्हणजे साधन. 'झानीरपुट्झ' (जीर्णोद्धाराचा) हेतू सांगतो, 'ओबरपुट्झ' (वरचा) थर सांगतो आणि 'क्राट्झपुट्झ' हाताळणी सांगतो. विग्रह न करता केलेले भाषांतर इथे हमखास फसते.

क्राट्झपुट्झचेच उदाहरण घ्या. 'क्राट्झन' म्हणजे खरवडणे. इंग्रजीत 'स्क्रॅच कोट' तयारच असल्याने हात आपोआप तिकडे जातो. पण स्क्रॅच कोट हा भिंतीवरचा पहिला थर. तो ओला असताना त्यावर ओरखडे काढतात, ते पुढच्या थराला पकड मिळावी म्हणून. क्राट्झपुट्झ हा शेवटचा थर. तो घट्ट होऊ लागला, की खिळे ठोकलेल्या फळीने त्याची वरची, चुना-सिमेंटचा अंश अधिक असलेली कातडी खरवडून काढतात. वाळूचे मोठे दाणे निघून जातात आणि त्यांच्या जागी खळगे राहतात. त्या कातडीतला ताण निघून गेल्यामुळे बारीक तडे कमी पडतात. शिवाय पुढे वर्षानुवर्षे पृष्ठभागावरचे कण हळूहळू झडत राहतात आणि त्यांबरोबर मळही जातो. इंग्रजीत याला 'स्क्रेप्ड फिनिश' म्हणावे. निविदेत त्या जागी स्क्रॅच कोट लिहिले गेले, तर दर्शनी भिंतीचा शेवटचा थर कागदावरून नाहीसा होतो आणि ठेकेदार पायाच्या थराचा दर भरतो. ही चूक कोणत्याही व्याकरण-तपासणीत सापडत नाही, कारण वाक्य निर्दोष असते.

याहून गंभीर शब्द झानीरपुट्झ. कोश त्याला 'रिपेअर प्लास्टर' म्हणून मोकळे होतात. ज्या जुन्या भिंतीला ओल आहे आणि क्षारांमुळे लोणा लागला आहे, तिच्यासाठी हा गिलावा असतो. वास्तुजतनासाठी काम करणाऱ्या डब्ल्यूटीए या जर्मन संस्थेच्या निकषांप्रमाणे कडक झालेल्या झानीरपुट्झमध्ये घनफळाच्या ४० टक्क्यांहून जास्त सच्छिद्रता हवी. भिंतीतले पाणी वाफ होऊन बाहेर पडावे आणि क्षार पृष्ठभागावर न येता त्या छिद्रांतच स्फटिक होऊन बसावेत, अशी योजना त्यामागे आहे. 'रिपेअर' वाचून एखाद्याने घट्ट सिमेंटचा मसाला लावला, तर ओल कोंडते, भिंतीत आणखी वर चढते आणि काही पावसाळ्यांत पोपडे सुटू लागतात. वसईपासून गोव्यापर्यंत जुन्या चुनेगच्ची इमारतींवर सिमेंट थापल्यावर काय होते, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहे. ईएन ९९८-१ मध्ये या वर्गाला 'आर' हे अक्षर आणि 'रेनोव्हेशन मॉर्टर' हे नाव दिले आहे. तेच वापरावे, आणि पहिल्या उल्लेखात ओल व क्षार यांचा निर्देश करावा, असा माझा आग्रह आहे. त्याच मानकात 'एडलपुट्झ'चे, म्हणजे रंगीत सजावटी गिलाव्याचे, शब्दशः 'नोबल प्लास्टर' होण्यापासूनही सुटका आहे: वर्ग 'सीआर', म्हणजे कलर्ड रेंडरिंग मॉर्टर.

काही शब्द तर धंदा किंवा देश बदलला की अर्थही बदलतात. गवंड्याच्या कागदात 'उंटरपुट्झ' म्हणजे खालचा थर, इंग्रजीत बेस कोट. वायरमनच्या कागदात तोच शब्द भिंतीत बुजवलेल्या जोडणीसाठी येतो. आपल्याकडे त्याला कन्सील्ड म्हणतात. जर्मनीत 'एस्ट्रिष' म्हणजे फरशीखालचा कोबा, इंग्रजीत स्क्रीड. स्वित्झर्लंडमध्ये एस्ट्रिष म्हणजे घराचा माळा. ओबरपुट्झला स्विस लोक 'डेकपुट्झ' म्हणतात. पृष्ठभागाच्या सफाईच्या श्रेणी जर्मनीत क्यू १ ते क्यू ४, अमेरिकेत ० ते ५. आकडा तसाच उतरवला तर भिंतीची प्रत बदलते.

संगणकावरची भाषांतर-स्मृती इथे मदत करते तशी हानीही करते. तिने एकदा पुट्झ म्हणजे प्लास्टर असे धरले, की पुढचे सगळे कागद त्याच वाटेने जातात. म्हणून ग्राहकाला प्रश्न विचारणे हा आपल्या कामाचा भाग आहे आणि त्याचा वेळ दरात धरला पाहिजे. भिंत आतली की बाहेरची, थर कितवा, बंधक चुना, जिप्सम की सिमेंट, कागद म्युनिकचा की झुरिकचा, वाचणारा लंडनचा की शिकागोचा: एवढे ठाऊक नसेल तर काम हाती घेऊ नये.

माझा प्रस्ताव असा आहे. परिषदेने गिलाव्याचा सामायिक शब्दसंग्रह सुरू करावा. प्रत्येक नोंदीत जर्मन शब्दाचा विग्रह, थराची जागा, ब्रिटिश आणि अमेरिकन पर्याय वेगवेगळे, मानकातला वर्ग आणि प्रत्यक्ष भिंतीचे छायाचित्र असावे. नोंद पक्की करण्याआधी ती एखाद्या अनुभवी गवंड्याला दाखवावी आणि त्याने सांगितलेला मराठी शब्दही टिपावा. नीरू, कोबा, लोणा हे शब्द जाणणारी पिढी अजून कामावर आहे. दुपारच्या सत्रात पहिली नोंद 'उंटरपुट्झ'ची घ्यावी, अशी मी सूचना मांडतो. स्थापत्य आणि विद्युत, दोन्ही शाखांचे भाषांतरकार सभागृहात आहेत. त्यांनी एकाच टेबलाशी बसावे.