शाळा पुन्हा भरते तेव्हा



मार्च २०२० मध्ये आपल्या महाराष्ट्रातल्या शाळांना कुलपे लागली. ती झटपट लागली, पण निघाली मात्र हप्त्याहप्त्याने. २३ नोव्हेंबर २०२० पासून काही जिल्ह्यांत नववी ते बारावीचे वर्ग भरू लागले. २७ जानेवारी २०२१ पासून पाचवी ते आठवीची पाळी आली. मग दुसरी लाट आली आणि पुन्हा सारे बंद. १५ जुलै २०२१ पासून ज्या गावांत महिनाभर एकही रोगी सापडला नव्हता, तिथे आठवीपासूनचे वर्ग उघडले. ४ ऑक्टोबरपासून खेड्यांत पाचवीपासून, आणि १ डिसेंबरपासून पहिली ते चौथी. जानेवारी २०२२ मध्ये पुन्हा बंदी आली, आणि २४ जानेवारीपासून ती पुन्हा सैल झाली. अखेर २ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याच्या दिवशी, राज्यातले निर्बंध उठले.

ही जंत्री मी मुद्दाम वाचून दाखवली. गावातली चौथीपर्यंतची शाळा धरा. तिच्या वर्गांत सुमारे वीस महिने पोरांचा आवाज नव्हता. अशी शाळा पुन्हा भरते, तेव्हा पोरांचे काय झाले याची चौकशी सगळे करतात, आणि ती करायलाच हवी. पण गुरुजींचे आणि बाईंचे काय झाले, हे कोण विचारतो? आज मला बोलायचे आहे ते याविषयी. बंधने सैल होत असताना शाळेतल्या माणसांना कसे सांभाळावे, त्यांच्यात कामाची वाटणी कशी करावी, हा आजचा प्रश्न आहे. तो मुख्याध्यापकांचा आहे, तसाच गावाचाही आहे.

आधी गावाचे बघू. त्या दिवसांत पारावर एक वाक्य नेहमी ऐकू येई : "मास्तरांचं बरं आहे, घरी बसून पगार." हे खरे होते काय? याच गुरुजींना नाक्यांवर उभे केले होते. सप्टेंबर २०२० मध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ही मोहीम निघाली, तेव्हा दारोदार फिरून ताप मोजणाऱ्या पथकांत पुष्कळ ठिकाणी शिक्षकही होते. मुलांच्या वाट्याचा तांदूळ आणि कडधान्य पालकांना मोजून देणारेही तेच. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शिक्षकांना बाहेरची कामे लावण्यास मनाई केली आहे. पण जनगणना, निवडणुका आणि आपत्तीतले मदतकार्य यांना त्यातून वगळले आहे. म्हणजे हे काम कायद्यानेच त्यांच्याकडे आले होते. काही शिक्षकांना ते करताना आजार जडला, काहींचा जीवही गेला. म्हणून मुख्याध्यापकांनी पहिल्या पालकसभेत, पोरांच्या अभ्यासाचे बोलण्याआधी, आपल्या शाळेतल्या कोणी काय केले ते नाव घेऊन सांगावे. पाच मिनिटे लागतात. पण त्या पाच मिनिटांनी गुरुजींना वर्गात ताठ मानेने उभे राहता येते.

आता शाळेच्या आत येऊ. समजा, पाच शिक्षकांची एक शाळा आहे. एक गुरुजी कोविड केंद्रावर काम करून थकून आलेले. दुसऱ्यांच्या घरातले माणूस दुसऱ्या लाटेत गेले. एका बाईंच्या घरी दम्याने आजारी सासूबाई आहेत. शाळेतून आपण रोग घरी नेऊ की काय, ही धास्ती त्यांची पाठ सोडत नाही. चौथे तरुण गुरुजी. त्यांनी मोबाइलवरून सगळ्या शाळेचे धडे चालवले, आणि आता त्यांना वाटते की सगळे आपल्याच अंगावर टाकले गेले. पाचवे निवृत्तीला आलेले. मोबाइल त्यांना जमला नाही, आणि त्याची लाज वाटून ते गप्प झाले आहेत. हजेरीपटावर पाच नावे एकाखाली एक आहेत, पण पाचही जणांची अवस्था निराळी.

अशा वेळी मुख्याध्यापक म्हणतात, "मी सर्वांना समान वागवतो. प्रत्येकाला सारखे तास." ऐकायला हे न्यायाचे वाटते. परंतु शेतकऱ्याला विचारा. दोन बैलांपैकी एक आजारातून उठला असेल, तर तो त्याला पहिल्याच दिवशी नांगराला जुंपतो काय? आधी हलके काम देतो, अंगात ताकद आली की मग जू ठेवतो. आणि दुसऱ्या बैलावर जादा ओझे पडले, तर त्याच्या वैरणीकडेही लक्ष ठेवतो. शाळेतही असेच धोरण हवे.

ते कसे आणावे? पहिली गोष्ट, सभा घेण्याआधी प्रत्येकाशी एकेकट्याने बोलावे. सगळ्यांसमोर विचारले तर कोणी मनातले सांगत नाही. साधे तीन प्रश्न पुरतात : "बाई, घरी कसं आहे? वर्गावर उभं राहायला काही अडचण आहे का? महिनाभर कोणतं काम नको वाटतं, आणि कोणतं आनंदाने कराल?" आणि जे ऐकले ते आपल्यापाशीच ठेवावे. एखाद्याचा आजार किंवा घरची अडचण चहाच्या टपरीवर पोचली, की त्या शाळेत पुन्हा कोणी मुख्याध्यापकांशी मोकळेपणाने बोलणार नाही.

दुसरी गोष्ट सवलतीची. सवलत द्यावी, पण ती मुदतीची असावी आणि तिच्या बदली दुसरे काम असावे. वर सांगितलेल्या बाईंना गर्दीच्या वर्गाऐवजी महिनाभर घरी असलेल्या मुलांचे गृहपाठ, धान्यवाटपाच्या नोंदी, पालकांना फोन ही कामे देता येतात. महिना संपला की पुन्हा बसून बोलावे. हे वहीत लिहून ठेवावे आणि कामाची वाटणी सर्वांना दिसेल अशी भिंतीवर लावावी. कारण लिहू नये, काम लिहावे. सवलत लपून दिली की कुजबुज सुरू होते : "त्यांचं वशिल्याचं दिसतंय." उघड वाटणीने ही कुजबुज पुष्कळशी थांबते.

तिसरी गोष्ट हिशेबाची. जुलै २०२१ च्या सूचनांप्रमाणे एका वर्गात १५ ते २० मुले बसवायची होती. आता चाळीस मुलांचा वर्ग घ्या. त्याच्या दोन तुकड्या झाल्या. म्हणजे एकच धडा दोनदा शिकवायचा, आणि शिवाय जी तुकडी घरी आहे तिला मोबाइलवर अभ्यास पाठवायचा. एका माणसाच्या कामाचे जवळजवळ तीन भाग झाले. दिवस मात्र तेवढाच. तेव्हा मुख्याध्यापकांनी विचारायला हवे की मी यांच्या डोक्यावरून काय उतरवू शकतो? समारंभ पुढे ढकलता येतात. माहितीचे तक्ते दोनदा मागितले जात असतील, तर ते स्वतः भरता येतात. नवे ओझे देताना जुने एक उतरवावे, एवढा नियम जरी पाळला तरी माणसे टिकतात.

चौथी गोष्ट बातमीची. त्या काळात हुकूम दर काही आठवड्यांनी बदलत होते. त्याच जुलै महिन्यातल्या सूचनांत शिक्षकांनी शक्यतो गावातच राहावे, किंवा सार्वजनिक वाहनाने येऊ नये, असेही होते. तालुक्याहून एसटीने येणाऱ्या शिक्षकाने ही गोष्ट व्हॉट्सअ‍ॅपवर अर्धवट वाचली, तर त्याची झोप उडणारच. यावर उपाय सोपा आहे. रोज प्रार्थनेनंतर दहा मिनिटे सर्व शिक्षकांनी उभ्या उभ्या जमावे. आलेला हुकूम मुख्याध्यापकांनी मोठ्याने वाचावा. काय ठरले आहे, काय अजून ठरायचे आहे आणि उद्या आपण काय करणार, एवढेच सांगावे. "हे मलाही अजून कळलेले नाही" असे म्हणण्यात कमीपणा नाही. अंदाजाने सांगून दुसऱ्या दिवशी फिरवण्यापेक्षा ते कितीतरी बरे.

पाचवी गोष्ट जरा नाजूक आहे. ज्यांच्या घरी मृत्यू झाला, त्यांच्याशी कसे वागावे? त्या दिवसांत अंत्यविधीला माणसे नव्हती, दहाव्याला नातलग नव्हते. भेटीगाठींनी दुःख वाटून घेण्याची आपली रीतच बंद पडली होती. शाळा उघडली तेव्हा कित्येक शिक्षक ते दुःख तसेच घेऊन वर्गात आले. त्यांना उपदेश करू नये. सहकाऱ्यांनी घरी जाऊन बसावे. पहिले काही आठवडे जवळच्या वर्गातल्या शिक्षकाने लक्ष ठेवावे, म्हणजे मध्येच गळा दाटून आला तर दहा मिनिटे बाहेर जाता येईल. माणूस दिवसेंदिवस गप्प होऊ लागला, त्याची झोप, जेवण तुटले, तर डॉक्टरांकडे जाण्याची आठवण करून द्यावी, जमल्यास बरोबर जावे.

आता तुम्ही म्हणाल, "आमची शाळा दोनशिक्षकी. वाटणी करायला माणसे आहेत कुठे?" बरोबर आहे. अशा ठिकाणी गावाने पुढे यावे. शाळा व्यवस्थापन समिती कायद्यानेच आहे, आणि तिच्यात बहुसंख्य पालक असतात. हात धुण्याचे पाणी भरणे, मुलांना दारात अंतरावर उभे करणे, वर्ग झाडून घेणे, ही कामे पालकांनी पाळीपाळीने घ्यावीत. गावातली कॉलेजात जाणारी मुले-मुली संध्याकाळी चार पोरांना घेऊन वाचन करून घेऊ शकतात. साथीच्या काळात ओसरीवर, देवळाच्या पारावर असे अभ्यासगट कित्येक गावांनी चालवले होते.

आणि हे सारे कशासाठी? 'असर' या पाहणीत देशभरातली तिसरीची मुले तपासली गेली. दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी मुले २०१८ मध्ये शेकडा २७.३ होती; २०२२ मध्ये ती शेकडा २०.५ वर आली. हे नुकसान कोणता हुकूम भरून काढणार? ते भरून निघते पोराच्या शेजारी बसून, बोट धरून वाचून घेणाऱ्या गुरुजींमुळे. तिथे निवृत्तीला आलेल्या त्या पाचव्या गुरुजींची खरी किंमत कळते. अक्षरे गिरवून घेण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नाही. ते आणि मोबाइलवाले तरुण गुरुजी यांची जोडी लावून द्या. एकाने वाचन घ्यावे, दुसऱ्याने तक्ते आणि फोन सांभाळावेत. दोघांचीही मने हलकी होतात आणि पोरे वाचू लागतात.

ती साथ ओसरली. ५ मे २०२३ रोजी जागतिक आरोग्य संघटनेनेही जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. पण शाळा बंद पडण्याचे प्रसंग संपलेले नाहीत. २०१९ आणि २०२१ च्या पुरांनी कोल्हापूर-सांगलीकडे काय केले, ते आपण पाहिले आहे. पुन्हा कधी तुमच्या शाळेचे कुलूप निघण्याचा दिवस आला, तर मुख्याध्यापकहो, आदल्या दिवशी बाके पुसून घ्या, पाणी भरून ठेवा, आणि संध्याकाळी आपल्या प्रत्येक शिक्षकाला एक फोन करा. गावकरी मंडळींनो, दुसऱ्या दिवशी पोराला शाळेत पोचवायला जाल, तेव्हा दारात उभ्या असलेल्या गुरुजींना, बाईंना "कसे आहात?" एवढे जरूर विचारा.