निर्लेखित केलेले सूर
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)



मंडळाच्या पन्नासाव्या वर्षी चार शब्द बोलण्याचा मान आम्हांस दिल्याबद्दल कार्यकारिणीचे मनःपूर्वक आभार. अशा प्रसंगी गौरवपर बोलावे, ही रीत आहे. परंतु आज आम्ही एका वाद्याविषयी, आणि त्या निमित्ताने स्वतःच्या एका चुकीविषयी बोलणार आहोत.

आपल्या सभागृहाच्या कोपऱ्यात चादरीखाली झाकलेला, पायांनी भाता चालवून वाजवावयाचा ऑर्गन आपण सर्वांनी पाहिला आहे. त्यावर कधी प्रसादाची ताटे, कधी मखराचे सामान ठेवले जाई. बदली होऊन आम्ही झाशीस आलो आणि मंडळाच्या जिन्नसांची यादी करण्याचे काम आमच्याकडे आले. जन्म गेला फायलींवर शेरे मारण्यात! ऑर्गनपुढे आम्ही लिहिले, 'निरुपयोगी, निर्लेखित करावा.' त्याच बैठकीत इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड घेण्याचे ठरले. त्यात शेकडो वाद्यांचे आवाज होते. ऑर्गनच्या आवाजाचेही एक बटण होते. ज्याचे काम एका बटणाने भागते त्याने चार खुर्च्यांची जागा का अडवावी, हा आमचा युक्तिवाद सर्वांना पटला.

त्या दिवाळीत आपल्या मंडळाच्या एक वयोवृद्ध काकू नाट्यपद म्हणावयास बसल्या. दोन ओळी झाल्या आणि त्या थांबल्या. म्हणाल्या, "या पेटीचा सूर एकसारखाच लागतो हो. माझा दम कमी पडला की आपला ऑर्गन हळू व्हायचा." त्यांनी तक्रार अशी केलीच नाही, पण आमचा शेरा चुकला, हे आम्हांस तेव्हा कळले.

मग आम्ही या वाद्याची माहिती मिळवू लागलो. हार्मोनियमचे पेटंट पॅरिसच्या अलेक्झांद्र दबँ यांनी १८४० च्या दशकात घेतले. हार्मोनियममध्ये भात्यातील हवा बाहेर पडताना पितळी पत्त्या कंप पावतात. अमेरिकन धर्तीच्या ऑर्गनमध्ये उलट आहे. पाय चालवले की भाता हवा ओढून घेतो आणि आत शिरणाऱ्या हवेने पत्ती बोलते. त्यामुळे सूर अधिक मऊ येतो. पाय भाता सांभाळतात म्हणून दोन्ही हात मोकळे राहतात. गुडघ्याने दांडी रेटली की आवाज फुगतो, सोडली की उतरतो. गवयाचा श्वास पाहून वादकाचे पाय चालतात. काकूंच्या बोलण्याचे इंगित हेच होते.

अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली पुण्यास 'शाकुंतल' रंगभूमीवर आणले, आणि पुढे संगीत नाटकात पायपेटी व ऑर्गन यांनी घर केले. १९१३ साली गंधर्व नाटक मंडळी निघाली. तिच्या संस्थापकांत बालगंधर्वांच्या जोडीला गणपतराव बोडस आणि स्वतः नामांकित पेटीवादक असलेले गोविंदराव टेंबे होते. पुढील पिढीत गोविंदराव पटवर्धनांची पेटी आणि ऑर्गन ऐकण्यासाठी रसिक वाट वाकडी करून जात.

या वाद्यास शत्रूही कमी नव्हते. बारा ठरीव सुरांत श्रुती कोठून येणार आणि मींड कोठून निघणार, हा आक्षेप खराच होता. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी श्रुतींचा अभ्यास करून बावीस श्रुतींची पेटी घडविण्याचा खटाटोप केला. हे देवल डेप्युटी कलेक्टर होते, हे सांगताना आम्हांस सरकारी नोकर म्हणून किंचित अभिमान वाटतो. १९४० साली नभोवाणीने पेटीवर बंदी घातली. ती शिथिल व्हावयास १९७१ साल उजाडले. एवढी वर्षे पेटी घराघरांत वाजतच होती.

आता थोडे दूरचे उदाहरण घेऊ. अमेरिकेत १९६४ साली रॉबर्ट मूग यांनी सिंथेसायझर तयार केला. विजेच्या दाबातील चढउतारांनी सूर घडविणारे ते यंत्र १९६९ साली अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत आले. गीता साराभाईंसारख्या संगीतज्ञांनी त्यावर प्रयोग केले. त्या ध्वनिफिती अनेक दशके पडून राहिल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झाल्या. मुंबईच्या चरणजित सिंग यांनी १९८२ साली जपानी सिंथेसायझरांवर दहा रागांची तबकडी केली. पेटीला न साधणारी मींड या यंत्राला साधते, हे तिच्यात ऐकू येते. तेव्हा तिच्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. २०१० साली ती पुन्हा निघाली, तेव्हा परदेशांतील तरुणांनी तिला डोक्यावर घेतले.

१९८३ साली आलेल्या यामाहाच्या डिजिटल वाद्याने जुन्या सिंथेसायझरांना मागे सारले. आज तीच जुनी यंत्रे लोक मोठी किंमत देऊन शोधतात आणि कारखानदार ती नव्याने बनवू लागले आहेत. वास्तविक ती लहरी असतात. तापली की सूर ढळतो. पुष्कळांत एकदा साधलेला आवाज साठविण्याची सोयही नसते, तो दर वेळी हातांनी नव्याने जुळवावा लागतो. आमच्या मते त्यांची ओढ टिकली ती यामुळेच. जे यंत्र वाजविणाऱ्याला कामास लावते, त्याच्याशी माणसाचे नाते जडते. नवा कीबोर्ड वाईट नाही. मुले त्यावर चटकन शिकतात. पण सोय आणि साथ या दोन गोष्टी भिन्न आहेत.

आपल्या ऑर्गनला सुदैवाने गिऱ्हाईक मिळाले नव्हते. सीपरी बाजारातील एका वृद्ध कारागिराला आम्ही तो दाखविला. झाशीच्या उन्हाळ्याने लाकडाचे सांधे उकलले होते, भात्याचे कापड कडक झाले होते. त्यांनी पत्त्या काढून पाहिल्या आणि म्हणाले, "साहब, इसमें मरा कुछ नहीं है, बस सूख गया है." भाता नवा झाला, पत्त्या स्वच्छ झाल्या. अकरा सूर मुके होते, त्यांतले दहा बोलू लागले. एक अजून बोलत नाही.

सांगलीस १८४३ साली विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' केले, त्याच सुमारास या झाशीत गंगाधरराव नेवाळकर नाटकांचा षोक पुरवीत होते. आपण मुलुखापासून दूर असलो, तरी पोरके नाही. मात्र आपल्या मुलांची मराठी हळूहळू चादरीखाली जात आहे. तिच्यापुढे 'निरुपयोगी' असा शेरा कोणी लिहीत नाही; आपण फक्त ताटे ठेवीत जातो. तीही सुकलेली असेल, मेलेली नाही.

म्हणून कार्यकारिणीस आमची विनंती आहे की, तो जुना ठराव रद्द करावा आणि दर रविवारी एक तास दोन मुलांना ऑर्गनवर बसवावे. शिकविण्यास काकू तयार आहेत. आजची नांदी त्याच ऑर्गनच्या साथीने होईल. एक सूर लागणार नाही. तो काकू गळ्याने भरून काढणार आहेत.

आमचा शेरा आम्ही जाहीरपणे मागे घेतो आणि आपणा सर्वांची रजा घेतो.